विजेच्या मालमोटारीतून पसरणीचा घाट

वाईत जन्मलेल्या माणसास पसरणीच्या घाटाचे कौतुक ते काय असावयाचे! लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर, पुढे नोकरीत पाचगणीस परीक्षक म्हणून, आणि आता निवृत्तीनंतर घरी आलेल्या पाहुण्यांना महाबळेश्वर दाखविण्यासाठी, हा घाट आम्ही किती वेळा चढलो-उतरलो त्याची गणती नाही. तथापि चढताना येथे काय खर्ची पडते आणि उतरताना काय वाया जाते, याचा हिशेब साऱ्या आयुष्यात आम्ही कधी मांडला नव्हता. तो मांडण्याचा प्रसंग गेल्या जानेवारीत आला, व तोही आमच्या थोरल्या वहिनींच्या हुकुमावरून.

आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरल्या बंधूंना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचा मुलगा भिलारची स्ट्रॉबेरी खाली वाईस आणून पुढे पुण्याच्या बाजारास पोहोचविण्याचा धंदा करतो. त्याचा डिझेलचा टेम्पो आता थकला आहे, व त्याच्या जागी विजेवर चालणारी एक टनी मालमोटार घ्यावी असे त्याने मनात घेतले. पैसा वहिनींच्या ठेवीतला. पण पैशाहूनही मोठी अडचण निराळीच होती. हाच धंदा आमचे बंधू करीत असत, आणि १९९४ च्या पावसाळ्यात घाट उतरताना त्यांच्या गाडीचे ब्रेक तापून लागेनासे झाले. दरीकडे जाण्याऐवजी त्यांनी गाडी डोंगराच्या अंगावर घातली म्हणून जीव बचावला. परंतु उजवा पाय अखेरपर्यंत लंगडा राहिला. तेव्हा नव्या गाडीची गोष्ट निघताच वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "ब्रेकचे काय?"

गाडी विकणाऱ्या गृहस्थांनी या प्रश्नाचे उत्तर न देता भलताच लाभ सांगितला. गाडीच्या टपावर सौर पत्रे बसवून घ्या, पाऊण लाख जास्त पडतील, पण मग गाडी चालता चालताच भरेल आणि विजेचे बिल म्हणून येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुतण्याचे डोळे चमकले. वहिनी मात्र आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही स्वतः बसून जाऊन या. तुम्ही होय म्हणालात तर मी सही करीन." आम्ही जन्मभर 'देव' शब्द चालविला, मोटार कधी चालविली नाही, हे त्यांच्या कानांवर घालून पाहिले, पण वहिनींनी एकदा ठरविले म्हणजे ठरविले.

प्रथम घरीच पाटी घेऊन बसलो. चालत्या गाडीवरच इंधन तयार करण्याची कल्पना काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोटारींच्या पाठीमागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर गाड्या चालवीत असत. आमचे वडील सांगत की, अशी मोटार पहाटे पेटवायला घेतली म्हणजे सूर्योदयाला निघे, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून मागून ढकलावयाचे, हा तिकिटात धरलेला भाग असे. कोळसा निदान जवळ बाळगता तरी येत होता. सूर्याचे तसे नाही. जितके ऊन टपावर पडेल तितकेच आपले.

आता टप केवढे? या लहान मालमोटारीच्या हौद्यावर फार तर तीन चौरस मीटर पत्रे मावतील. भर दुपारी स्वच्छ आकाशात एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन पडते, आणि चांगला पत्रा त्यातील पाचवा हिस्सा विजेत बदलतो. म्हणजे भर दुपारी सहाशे वॉट. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, धूळ, तापलेल्या पत्र्याची तूट हे सारे वजा जाता दिवसास दोन-अडीच युनिट हाती लागले तरी नशीब म्हणावयाचे. सर्वांच्या माहितीचा जो 'छोटा हत्ती', त्याची २०२२ मध्ये निघालेली विजेची आवृत्ती २१.३ युनिटांच्या बॅटरीवर चाचणीत १५४ किलोमीटर जाते असे कंपनी सांगते. त्या मानाने अडीच युनिटांत सपाटीवर पंधरा-अठरा किलोमीटर. ही चाचणीची गोष्ट. भरल्या गाडीस त्याहून कमी. आणि पावसाळ्याचे चार महिने, ज्या मुलखात ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो व दुपारी बारा वाजता दिवे लावून गाड्या हाकाव्या लागतात, तेथे टपावर पत्रे असले काय आणि नसले काय!

आमचे गणित चुकले नसेल ना, म्हणून इतरांचे पाहिले. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटी या कंपनीने 'ईव्हा' नावाची चिमुकली मोटार २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडली. तिच्या टपावर सौर पत्रा आहे, आणि त्यापासून वर्षास ३,००० किलोमीटरपर्यंतची वीज मिळते असा त्यांचाच दावा आहे. भागाकार केला तर रोजचे आठ-नऊ किलोमीटर. आणि ती तर हलकीशी माणसांची गाडी. स्वीडनमध्ये स्कॅनिया कंपनीने उप्साला विद्यापीठाच्या साह्याने २०२३ मध्ये एक जंगी ट्रक रस्त्यावर आणला. त्याच्या १८ मीटर लांबीच्या जोडगाडीवर तब्बल १०० चौरस मीटर पत्रे चहूबाजूंनी चिकटविलेले आहेत. तेवढ्यावर त्यांच्या देशात वर्षाकाठी सुमारे ५,००० किलोमीटर अधिक चाल मिळेल अशी त्यांची अपेक्षा. हे काही थोडे नव्हे. पण अठरा मीटरांची जोडगाडी पसरणीच्या वळणांतून नेऊन दाखविणारा पुरुष अद्याप जन्मास यावयाचा आहे. एकंदरीत सूर्यनारायण आपल्या गाडीस वाटखर्ची देईल, पूर्ण प्रवासखर्च देणार नाही, एवढे पाटीवरच ठरले.

यानंतर प्रत्यक्ष प्रवास. पुतण्याने दोन दिवसांच्या बोलीवर तशीच एक गाडी चालवून पाहण्यास मागून आणली होती. पहाटे साडेसहाला निघालो. गाडीत दोघांपुरतीच जागा. हौद्यात फक्त रिकामी खोकी. आमच्या मांडीवर वही, आणि समोरच्या काचेखाली बॅटरीत शेकडा किती वीज उरली तो आकडा दिसत होता. निघताना तो ९० होता. कृष्णेवर धुके तरंगत होते. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि गावाबाहेर पडलो. मनात विचार आला, गंगापुरीत विश्वकोशाचे कार्यालय आहे, तेथे जाऊन एखादी नोंद चाळली असती तर थंडीत हा खटाटोप वाचला असता. पण वहिनींनी 'वाचून या' असे म्हटले नव्हते, 'बसून जाऊन या' असे म्हटले होते.

पसरणी गाव ओलांडले. शाहीर साबळ्यांचे हे जन्मगाव. येथून चढ लागतो. डिझेलचा टेम्पो येथे दुसऱ्या गिअरमध्ये जे कण्हू लागतो ते पाचगणीपर्यंत. या गाडीचे तसे काहीच नाही. न बोलता चढते. इतकी निःशब्द, की खालच्या वस्तीतला कोंबडा आम्हांस ऐकू आला. परंतु आकडा मात्र पाहता पाहता उतरत होता. बुवासाहेबांच्या देवळापाशी क्षणभर थांबून मागे पाहिले. धोमचे पाणी शिसवी पाटीसारखे काळे दिसत होते आणि वाईवर चुलींच्या धुराचा पातळ पदर होता. हे दृश्य आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे, तरी दर वेळी मान मागे वळते. दांडेघरच्या नाक्याशी चढ संपला तेव्हा आकडा ७३. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत शंभरांतले सतरा खर्ची पडले. वीस युनिटांची बॅटरी धरली तर ही साडेतीन युनिटांच्या आसपास वीज झाली. टपावरचे सौर पत्रे सबंध दिवसात देतील त्याहून ही जास्त, आणि तीही रिकाम्या गाडीची.

भिलार पाचगणीपासून पुढे पाच-सहा किलोमीटरांवर आहे. २०१७ साली ते 'पुस्तकांचे गाव' झाले, तेव्हापासून घरोघरी कपाटे आहेत, आणि कोणीही आत जाऊन पुस्तक घेऊन बसावे. शेतावर तोडणी चालू असता आम्ही एका ओसरीवर तासभर तसे बसलो. स्ट्रॉबेरी हे फळ इंग्रजांनी या डोंगरावर आणले, पण आता महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी म्हणून तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळ असे नाजूक की दुपारचे ऊन लागले की रुसते; म्हणून जे काय करावयाचे ते सकाळी. सुमारे आठशे किलो माल चढला.

दांडेघरला परत आलो तेव्हा आकडा ६६. येथून पुढे उतार. पुतण्याने पाय काढला, आणि गाडी आपोआप आखडल्यासारखी झाली. जणू कोणी मागून धोतराचा सोगा धरून ठेवला आहे. समोर एक बाण उलटा झाला. "काका, आता ती भरू लागली," तो म्हणाला.

यातले इंगित आमच्या पिढीस समजावून सांगण्यास सायकलचा डायनामो पुरे. तो चाकास टेकविला की दिवा लागे, आणि लगेच पायडल जड होई. दिव्याची वीज आपल्या पोटऱ्यांतून निघे. येथे तेच, फक्त पोटऱ्यांऐवजी गाडीचे वजन. चढताना जी मोटर चाके फिरविते, तिलाच उतारावर चाके फिरवितात. ती डायनामो होते, वीज बॅटरीत जाते, आणि वीज करण्याचे तिचे जड जाणे हाच ब्रेक. मुंबईच्या लोकल गाड्यांत ही युक्ती २००७ नंतर आलेल्या गाड्यांपासून रोज चालू आहे. स्थानकात थांबताना एक गाडी तारेत वीज परत सोडते, ती दुसरी गाडी निघताना वापरते.

आम्ही वहीत दोन रकाने केले होते, एक आकड्याचा व दुसरा पुतण्याने पायाने ब्रेक किती वेळा दाबला त्याचा. सबंध घाटात सात वेळा. खाली पसरणीत पोहोचलो तेव्हा आकडा ६६ वरून ७३ झालेला. गाडी थांबवून चाकांपाशी हात नेला, कोमट वाटली, एवढेच. एरवी डिझेलच्या टेम्पोने तेवढेच वजन घेऊन उतरावे तर वजनाची ही सारी शक्ती ब्रेक आणि इंजिन यांच्यात उष्णता होऊन जावयाची. आम्ही ती मोजली. घर्षणास वजा करून उरते तेवढीच घेतली तरी पंचवीस-तीस लिटरांचा बंब उकळेल! आमच्या बंधूंच्या ब्रेकांत त्या दिवशी काय पेटले होते ते एकतीस वर्षांनी आकड्यांत कळले.

जाताना सतरा गेले, येताना सात आले. म्हणजे घाटाने निम्म्याहून कमी परत केले. मग यात घाटाचे उपकार ते काय, असे कोणी म्हणेल. पण वर जाताना हौदा रिकामा होता आणि येताना भरलेला, ही मेख लक्षात घ्यावी. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, पाचगणी सुमारे १,३००. सहाशे मीटरांवरून एक टन वजन खाली येते तेव्हा त्यात दीड युनिटाहून थोडी जास्त शक्ती असते. आठशे किलो स्ट्रॉबेरीची सव्वा युनिट. ही शक्ती आमच्या बॅटरीने खर्च केलेली नव्हती, कारण ते वजन आम्ही वर नेलेच नव्हते. मग नेले कोणी? फळात बहुतेक पाणीच असते. ते पाणी समुद्रावरून उचलून सह्याद्रीच्या माथ्यावर सूर्याने आणून टाकले. दिलीप राजाच्या करवसुलीला कालिदासाने सूर्याच्या याच देवघेवीची उपमा दिली आहे. वर्गात ती वर्षानुवर्षे शिकविताना तिचा टेम्पोशी काही संबंध असेल असे मात्र आमच्या स्वप्नातही आले नाही. टपावरच्या पत्र्यांनी जे ऊन पकडावयाचे, त्यातलेच थोडेसे आमच्या हौद्यात खोक्यांत भरलेले होते. कृष्णा तरी दुसरे काय करते? क्षेत्र महाबळेश्वराहून ती उतरते, तिच्याच पाण्यावर धोमला दोन मेगावॉटचे लहानसे वीजगृह बांधलेले आहे. आणि तिची जुळी बहीण कोयना १९६२ पासून वीज देत आली, तिच्या प्रकल्पाची शक्ती आज १,९६० मेगावॉट आहे.

स्वित्झर्लंडमध्ये बील गावाजवळ चुनखडीची खाण आहे. तेथे ४५ टनांचा एक विजेचा राक्षसी ट्रक रिकामा डोंगर चढतो आणि ६५ टन दगड घेऊन उतरतो. उतरताना इतकी वीज परत मिळते की पुढच्या चढणीस बव्हंशी तीच पुरते. आमच्या गाडीचे वजन मालाहून जास्त, म्हणून आम्हांस तो चमत्कार साधणार नाही. उलट शनिवारी पुतण्या पाचगणीच्या हॉटेलांसाठी पीठ, तेल, भाजी वर नेतो. त्या दिवशी चढणीस सतराऐवजी पंचवीस खर्ची पडतील, हेही वहीत लिहून ठेवले.

येथवर सारे गोड झाले. दुसऱ्या दिवशीचा प्रयोग सांगितल्यावाचून मात्र हा वृत्तांत पुरा होत नाही.

विकणाऱ्या गृहस्थांनी सुचविले होते की, माल भरून झाला की पाचगणीसच गाडी काठोकाठ भरून घ्यावी, म्हणजे उतरून थेट पुण्यास जाता येईल. सल्ला वरवर शहाणपणाचा. आम्ही तसे केले. एका ओळखीच्या हॉटेलच्या आवारात तार जोडली आणि दोन तासांहून अधिक वेळ चहा पीत बसलो. आकडा १०० झाला तसे निघालो. पहिल्या वळणाशी पुतण्याने पाय काढला. पण सोगा धरणारा हात आज नव्हता. बाण उलटा होईना. गाडी आपल्या वजनाने सुसाट निघाली, त्याने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि वळणामागून वळण तेच चालले. बॅटरी भरलेली, तिच्यात आणखी वीज घालावयास जागाच नाही, तेव्हा डायनामोने वीज करून ठेवावी कोठे? भरल्या घागरीवर पन्हाळ सोडल्यासारखे झाले. बुवासाहेबांच्या देवळापर्यंत आमच्या वहीतल्या दुसऱ्या रकान्यात एकतीस रेघा झाल्या होत्या, आणि तो वास आला. ज्याने एकदा घेतला आहे त्यास तो विसरत नाही. पुतण्याने काही न बोलता गाडी कडेस घेऊन उभी केली. आम्हीही बोललो नाही. त्याच्या वडिलांनी गाडी डोंगरावर घातली ती जागा तेथून फार दूर नाही.

अर्ध्या तासाने चाके निवल्यावर अगदी सावकाश उतरलो.

घाट उतरताना बॅटरीत जागा हवी, ही एक गोष्ट विकणाऱ्याने सांगावयास हवी होती, व तीच सांगितली नव्हती. गाडीसोबतच्या पुस्तकात शोधले तेव्हा बारीक अक्षरांत ती सापडली. विद्यार्थी टीपा वाचीत नाहीत म्हणून आम्ही जन्मभर रागावलो. स्वतः काय केले ते वाचकांनी पाहावेच.

रात्री जेवणे झाल्यावर माजघरात बैठक बसली. वही वहिनींपुढे ठेवली. आमचे मत असे पडले. गाडी घ्यावी. रात्री वाईस घरी भरावी, पाचगणीस कधीही काठोकाठ भरू नये. पुण्यास जावयाचे तर उतरल्यावर वाटेत भरून घ्यावे. ब्रेक मात्र डिझेलच्या गाडीइतक्याच वक्तशीरपणे तपासावे, कारण मोटरीने साथ सोडली तर शेवटी आसरा त्यांचाच. टपावरचे पत्रे घेऊ नयेत. पाऊण लाख खर्चून दिवसाची दोन युनिटे, तीही घाटाच्या कड्यांची सावली पडली नाही तर. तेच पत्रे वाड्याच्या गच्चीवर दक्षिणेस तोंड करून नीट कलते बसविले तर तीन किलोवॉटांपासून रोज बारा-एक युनिटे सहज होतील. २०२४ मध्ये निघालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तेवढ्यास ७८,००० रुपये अनुदानही आहे, आणि दिवसा तारेत घातलेली वीज रात्रीच्या बिलातून वजा होते.

पुतण्याने विचारले, "काका, गाडीला सरकारी साह्य काही?" केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकांस २०२५ पासून ९.६ लाख रुपयांपर्यंत साह्य मिळते खरे, पण ते साडेतीन टनांहून जड गाड्यांस. आमची त्यात बसत नाही. मोठ्यांचे सारे मोठेच असते. चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सने २०२५ च्या ऑक्टोबरात जो जड ट्रक काढला, त्याची रिती बॅटरी काढून भरलेली बसविता येते, व मुंबई-पुणे मार्गावर त्यासाठी सोय करण्याचे चालले आहे. आम्हांस तशी सोय खंबाटकीच्या अलीकडे झाली तर हवीच. पण घाटाच्या माथ्यावर भरलेली बॅटरी बदलून उतरू लागणाऱ्या चालकास आमच्या एकतीस रेघा कोणी दाखवील काय?

वहिनींनी चष्मा लावून दोन्ही दिवसांचे रकाने बोट फिरवून पाहिले. सात, आणि एकतीस. मग मुलास म्हणाल्या, "हे पान फाडून गाडीत डोळ्यांसमोर लाव." आणि ठेवीच्या कागदावर सही केली.

गच्चीचा प्रश्न मात्र अडला. वहिनींचे पापड, कुरडया, सांडगे, सारे वाळवण चाळीस वर्षे त्याच गच्चीवर होते. "माझ्या पापडांचे ऊन मी टेम्पोला देणार नाही," असे त्यांनी बजावले. न्यायालयात जावे तशी उभय पक्षांची तीन दिवस बोलणी झाली. शेवटी पूर्वेकडचा भाग वाळवणास ठेवावा, संडासाच्या टाकीपलीकडचा पत्र्यांस द्यावा, आणि पत्र्यांची सावली फाल्गुन-चैत्रात पापडांवर पडणार नाही याची हमी आम्ही घ्यावी, असे ठरले आहे. मोजमाप घेणारा माणूस येत्या मंगळवारी यावयाचा आहे.